विश्लेषण : घरी छापलेल्या फोटोचा रंग का विटतो? शाईइतकाच कागदही कसा जबाबदार?

एकाच प्रिंटरवर, त्याच शाईने, तोच फोटो एकदा साध्या झेरॉक्सच्या कागदावर आणि एकदा फोटो पेपरवर छापला, तर दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. साध्या कागदावर रंग मळकट दिसतात, कडा पुसट होतात आणि कागद ओला होऊन लाटांसारखा उचलला जातो. फोटो पेपरवर तोच चेहरा स्टुडिओतून आणल्यासारखा दिसतो. हा फरक पडतो कागदावर चढवलेल्या, केसाच्या जाडीहूनही पातळ अशा रासायनिक थरामुळे. शाई किती शोषायची, कुठे थांबवायची आणि किती काळ धरून ठेवायची, हे बऱ्याच अंशी हा थर ठरवतो. मात्र, झटपट सुकणारा फोटो जास्त टिकतोच असे नाही. आजी-आजोबांचे जुने फोटो स्कॅन करून पुन्हा छापणाऱ्या, मुलांच्या वाढदिवसाचे अल्बम घरीच तयार करणाऱ्या कुटुंबांसाठी ही बाब महत्त्वाची आहे.

साध्या कागदावर शाई का फुटते?

इंकजेट प्रिंटरच्या शाईत सर्वाधिक प्रमाण पाण्याचे असते. त्यात रंगद्रव्य, शाई नळीत सुकू नये म्हणून ग्लायकॉलसारखे द्रव आणि इतर काही रसायने मिसळलेली असतात. प्रिंटर ही शाई अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात कागदावर फवारतो. अनेक प्रिंटरमध्ये एक थेंब अवघ्या काही पिकोलिटरचा असतो. पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. चार पिकोलिटरचा थेंब धरला, तर एक मिलिलिटर शाईत असे २५ कोटी थेंब होतात. अशा थेंबाचा व्यास साधारण २० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका असतो.

साधा कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचे जाळे. सेल्युलोजला पाण्याचे आकर्षण असते आणि तंतूंमधल्या फटी बारीक नळ्यांसारखे काम करतात. दिव्याच्या वातीत जसे तेल चढते, तशी शाई या फटींतून पसरते. तंतू ज्या दिशेला असतील, त्या दिशेला ती धावते आणि अक्षराच्या कडेला केसाळ फाटे फुटतात. शाई खोलवर गेल्यामुळे रंग फिका दिसतो. पाण्याने तंतू फुगतात आणि कागद सुरकुततो.

कागदाला खळ देण्याची पद्धत किती जुनी?

शाई फुटण्याची ही अडचण प्रिंटरच्या किती तरी आधीची आहे. हाताने कागद तयार करणारे कारागीर कागदाला पिठाची किंवा तांदळाची खळ देत आणि सुकल्यावर गुळगुळीत दगडाने किंवा शंखाने घोटून त्याला चकाकी आणत. महाराष्ट्रात जुन्नर आणि दौलताबाद ही हातकागदाची नावाजलेली केंद्रे होती. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे गाव आजही याच व्यवसायाच्या नावाने ओळखले जाते. खळीमुळे तंतूंमधल्या फटी भरतात आणि बोरूची शाई अक्षराच्या रेषेतच राहते. खळच नसलेला कागद म्हणजे टीपकागद.

आजच्या कारखान्यांतही हेच तत्त्व वापरले जाते. पूर्वी राळ आणि तुरटी लगद्यात मिसळत. आता बहुतेक ठिकाणी अल्किल किटीन डायमर (एकेडी) किंवा अल्केनिल सक्सिनिक अनहायड्राइड (एएसए) ही पाणी दूर ठेवणारी रसायने मिसळतात आणि वरून स्टार्चचा पातळ हात देतात. त्यामुळे कागदपत्रे छापण्याचे काम भागते. फोटोसाठी मात्र एवढे पुरत नाही. फोटोत कागदाचा जवळपास प्रत्येक ठिपका शाईने भरलेला असतो. एवढे पाणी क्षणात शोषले गेले पाहिजे आणि त्याच वेळी रंग मात्र वरच राहिला पाहिजे. या दोन परस्परविरोधी अपेक्षा पूर्ण करण्यासाठी वेगळा थर लागतो.

या थरात नेमके काय असते?

थरात मुख्यतः तीन घटक असतात. पहिला, पाणी शोषणारी भुकटी. त्यासाठी बहुधा सिलिका किंवा अॅल्युमिना वापरतात. नव्या बुटांच्या खोक्यात ‘खाऊ नये’ असे लिहिलेली जी पुडी मिळते, तिच्यातही सिलिकाच असते. तिच्या कणांत असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. अशा एका ग्रॅम सिलिकाचे एकूण पृष्ठफळ २०० चौरस मीटरपेक्षा जास्त, म्हणजे दोन बॅडमिंटन कोर्टांहून मोठे असू शकते.

दुसरा घटक म्हणजे हे कण कागदाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. इथे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल सर्रास वापरले जाते. त्याचे प्रमाण जपावे लागते. कमी पडले तर थराची भुकटी सुटते, जास्त झाले तर छिद्रे बुजून शाई वरच तरंगते.

तिसरा घटक रंग पकडून ठेवणारा. तो धन विद्युतभार असलेला पॉलिमर असतो. पॉलिडॅडमॅक हे त्यातले बरेच वापरले जाणारे नाव.

रंग कागदाला धरून कसा राहतो?

इंकजेटच्या विरघळणाऱ्या रंगांच्या रेणूंवर सहसा ऋण विद्युतभार असतो. सेल्युलोज आणि सिलिका यांच्यावरही पाण्यात ऋण भारच असतो. समान भार एकमेकांना दूर लोटतात, त्यामुळे रंगाला तिथे थारा मिळत नाही आणि तो पाण्याबरोबर खाली वाहत जातो. थरात धन भाराचा पॉलिमर असला, की रंग वरच अडकतो आणि पाणी पुढे जाते. अॅल्युमिनावर मुळातच धन भार असल्याने तो हे काम काही अंशी स्वतःच करतो.

कापड रंगवणाऱ्यांना ही युक्ती वेगळ्या रूपात फार पूर्वीपासून माहीत आहे. मंजिष्ठेसारखा रंग सुती कापडावर नुसता बसत नाही. म्हणून कापड आधी हिरडा आणि तुरटीच्या पाण्यातून काढतात. तुरटीतील अॅल्युमिनियम रंग आणि धागा यांना जोडून ठेवते आणि रंग पक्का होतो.

काही साध्या कागदांतही आता अशी सोय असते. एचपी कंपनीने विकसित केलेल्या ‘कलरलॉक’ तंत्रात कागदाच्या पृष्ठभागावर कॅल्शियमसारख्या धातूचे क्षार दिलेले असतात. पिगमेंट शाईतील कण समान भारामुळे एकमेकांपासून सुटे राहतात. क्षाराशी गाठ पडताच हा समतोल मोडतो आणि दुधात लिंबू पिळल्यावर दूध फाटावे, तसे कण जागच्या जागी गोळा होतात. परिणामी अक्षर अधिक काळे आणि रेखीव दिसते.

चकचकीत आणि मॅट कागदांत फरक कशामुळे?

फरक मुख्यतः कणांच्या आकाराचा असतो. मॅट कागदावरील सिलिकाचे कण काही मायक्रॉनचे असतात. पृष्ठभाग खडबडीत राहतो, प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि चकाकी येत नाही. चकचकीत कागदासाठी कण आणि छिद्रे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहून, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरहून लहान ठेवावी लागतात. तसे केले की थर जवळजवळ पारदर्शक होतो आणि रंग खुलतात.

चकचकीत कागदाचा तळही वेगळा असतो. बहुतेक फोटो पेपरमध्ये मूळ कागदाच्या दोन्ही बाजूंना पॉलिथिनचे पातळ अस्तर असते. त्यामुळे पाणी तंतूंपर्यंत पोहोचत नाही आणि फोटो सुरकुतत नाही. मात्र मग सगळी शाई वरच्या थरालाच पचवावी लागते. म्हणून तिथला सच्छिद्र थर तुलनेने जाड, साधारण ३० ते ५० मायक्रॉनचा असतो.

झटपट सुकणारा थर की टिकाऊ थर?

फोटो पेपरचे थर ढोबळमानाने दोन प्रकारचे. पहिला फुगणारा थर. तो जिलेटिन किंवा तत्सम पॉलिमरचा असतो. शाई पडली की तो पाणी पिऊन फुगतो, रंग आत घेतो आणि पाणी उडून गेल्यावर पुन्हा मिटतो. रंग आत बंद झाल्यामुळे हवेतील वायूंपासून त्याचे बऱ्यापैकी संरक्षण होते. पण हा थर सुकायला वेळ घेतो, ओल्या बोटाने खराब होतो आणि दमट हवेत चिकट होतो. पिगमेंट शाईचे कण त्यात नीट शिरतही नाहीत.

दुसरा सच्छिद्र थर, म्हणजे वर वर्णन केलेला सिलिका-अॅल्युमिनाचा. तो शाई छिद्रांत ओढून घेतो. फोटो प्रिंटरमधून बाहेर येताच हाताळता येतो. ‘इन्स्टंट ड्राय’ किंवा ‘मायक्रोपोरस’ असे पाकिटावर लिहिलेले कागद या प्रकारचे. बाजाराने हाच प्रकार उचलून धरला. त्याची उणीव मात्र त्याच्या गुणातच आहे. पाणी आत घेणारी छिद्रे नंतरही उघडीच राहतात. त्यांतून हवा आत-बाहेर करते आणि प्रचंड पृष्ठफळावर पसरलेला रंग तिच्या थेट संपर्कात येतो.

२००० साली फोटो नारिंगी का झाले?

ही उणीव ग्राहकांना ठळकपणे दिसली ती २००० साली. एप्सन कंपनीचे स्टायलस फोटो ८७० आणि १२७० हे प्रिंटर त्या वर्षी बाजारात आले. त्यांच्या चकचकीत कागदावरील फोटो दिसायला उत्तम होते. पण काही ग्राहकांचे उघड्यावर ठेवलेले फोटो अल्पावधीतच नारिंगी पडू लागले. प्रकाशात रंग विटतो हे ठाऊक होते. पण इथे रंग फारसे ऊन न लागताही विटत होता. काचेमागचे फोटो मात्र बरेचसे शाबूत होते.

यामागे मुख्यतः हवेतील ओझोन असल्याचे स्पष्ट झाले. वाहनांच्या धुरातील नायट्रोजनचे ऑक्साइड आणि इतर वायू यांच्यावर ऊन पडले, की जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो सच्छिद्र थरात शिरून निळसर रंगाचे, म्हणजे सायनचे रेणू तोडत होता. फोटोतील सायन नाहीसा झाला की उरतात मॅजेंटा आणि पिवळा. या दोघांचे मिश्रण नारिंगी दिसते.

या प्रकरणानंतर टिकाऊपणाच्या चाचण्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. अमेरिकेतील हेन्री विल्हेल्म हे छायाचित्रांच्या टिकाऊपणाचे जाणकार अभ्यासक. ‘द पर्मनन्स अँड केअर ऑफ कलर फोटोग्राफ्स’ हे त्यांचे पुस्तक १९९३ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या संस्थेच्या चाचण्यांत शाई आणि कागद यांची जोडी एकत्र तपासली जाते आणि प्रकाशासह ओझोन व दमटपणा यांचाही विचार होतो. दरम्यान, कंपन्यांनी ओझोनला अधिक दाद न देणारे रंग आणले आणि टिकाऊ कामासाठी पिगमेंट शाईचा वापर वाढला.

पावसाच्या थेंबाने रंग ओघळतो, काळे अक्षर का राहते?

डाय म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग. त्याचे रेणू सुटे असतात. म्हणून तो तेजस्वी दिसतो, पण पाणी, ओझोन आणि ऊन यांना लवकर बळी पडतो. पिगमेंट म्हणजे न विरघळणारे बारीक कण. कणाच्या पृष्ठभागावरील रेणू मोडले तरी आतले शिल्लक राहतात, त्यामुळे तो जास्त टिकतो. घरोघरी दिसणाऱ्या अनेक इंक टँक प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची आणि रंगीत शाया डायच्या असतात. साध्या कागदावरील प्रिंट पावसात भिजली की रंगीत बोधचिन्ह ओघळते आणि काळा मजकूर वाचता येतो, त्याचे कारण अनेकदा हेच असते.

ग्राहकांनी काय पाहावे?

पाकिटावरील ‘जीएसएम’चा आकडा म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. त्यावरून जाडीचा अंदाज येतो, थराचा दर्जा कळत नाही. त्याऐवजी कागद डायसाठी आहे, पिगमेंटसाठी आहे की दोन्हींसाठी, हे पाहावे. मॅट कागदाची छापायची बाजू कळत नसेल, तर कोपऱ्याला किंचित ओले बोट लावावे. थराची बाजू जराशी चिकट लागते. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये योग्य कागद निवडावा, कारण शाई किती सोडायची हे त्यावर ठरते.

फोटो हाताला कोरडा लागला तरी आतले ग्लायकॉल हळूहळू उडत असते. म्हणून फ्रेम करण्याआधी किमान दिवसभर तो मोकळा ठेवणे चांगले. नाही तर काचेच्या आतून धूसर डाग पडतात. त्यानंतर मात्र तो उघडा ठेवू नये. काच किंवा अल्बममुळे ओझोनची वाट अडते. फोटो काचेला थेट टेकू देऊ नये. दमट हवेत तो चिकटतो. इंकजेटचा चकचकीत फोटो पेपर लेसर प्रिंटरमध्ये घालू नये. तिथला रूळ १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि पॉलिथिन त्याआधीच वितळून प्रिंटर बिघडू शकतो. प्लास्टिकचे अस्तर असल्याने हा कागद साध्या रद्दीतही चालत नाही.

शाळेचा प्रकल्प किंवा पाकिटांवरचे पत्ते यांसाठी साधा कागद पुरेसा आहे. पुढच्या पिढीकडे जाणारा फोटो असेल, तर पिगमेंट शाई, तिला मानवणारा कागद आणि काच असा तिहेरी बंदोबस्त हवा. त्यानंतरही मूळ डिजिटल फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवावी. रंग विटला, तरी ती पुन्हा छापता येते.