परभाषेचा अभ्यास

इ. स. १८४१ च्या डिसेंबर महिन्यात हॉलंडच्या टेक्सेल नावाच्या बेटाजवळ एक जहाज वादळात सापडून फुटले. ते दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला देशाकडे निघाले होते. त्यावर हलकीसलकी कामे करण्यासाठी चढलेला एकोणीस वर्षांचा एक जर्मन मुलगा कसाबसा किनाऱ्याला लागला. त्याचे नाव हाइन्रिख श्लीमान. पुढे याच मनुष्याने तुर्कस्तानातील हिसार्लिक येथील टेकडी खणून प्राचीन ट्रॉय नगरीचे अवशेष उजेडात आणले आणि त्यामुळे तो जगप्रसिद्ध झाला. परंतु त्याआधी त्याने आणखी एक काम केले होते. शाळा अर्धवट सुटलेल्या या मुलाने परक्या भाषा शिकण्याची एक रीत स्वतःपुरती शोधून काढली आणि तिच्या बळावर दहाबारा भाषा आत्मसात केल्या.

ॲम्स्टरडॅम शहरातील एका पेढीत त्याला नोकरी मिळाली. हुंड्यांवर शिक्के मारावयाचे आणि टपाल पोचवावयाचे, एवढेच त्याचे काम. वर्षाचा पगार आठशे फ्रँक. त्यातील निम्मा तो अभ्यासावर खर्च करी. उरलेल्या पैशात राहण्यासाठी एक माळ्यावरची खोली मिळे. तीत हिवाळ्यात शेकोटी नसे आणि उन्हाळ्यात जीव उकडून निघे. सकाळची न्याहारी म्हणजे राय नावाच्या धान्याच्या पिठाची पेज. अशा स्थितीत त्याने प्रथम इंग्रजी भाषा हाती घेतली.

त्याची रीत अशी होती. रोज मोठ्याने वाचावयाचे आणि वाचताना मनातल्या मनात भाषांतर करावयाचे नाही. रोज तासभर तरी अभ्यास झालाच पाहिजे. आपल्याला ज्या विषयाची आवड असेल त्यावर त्या भाषेत चार ओळी लिहावयाच्या, त्या शिक्षकाकडून दुरुस्त करून घ्यावयाच्या, दुरुस्त केलेला मजकूर पाठ करावयाचा आणि दुसऱ्या दिवशी तो शिक्षकाला म्हणून दाखवावयाचा. पेढीच्या कामावर जाताना, मग पाऊस का पडत असेना, पुस्तक त्याच्या हातात असे. टपालकचेरीत तिष्ठत उभे राहण्याचा वेळही तो वाचनात घालवी. उच्चार सुधारावे म्हणून तो दर रविवारी दोनदा इंग्रजी प्रार्थनामंदिरात जाई आणि तेथील प्रवचन ऐकताना प्रत्येक शब्द हलक्या आवाजात स्वतःशी उच्चारी. त्या काळी ध्वनिमुद्रणाचे यंत्र निघाले नव्हते. जिवंत माणसाचे बोलणे ऐकावयाचे तर माणसे जमतात तेथेच जाणे भाग होते. सहा महिन्यांत आपल्याला इंग्रजी आले, असे तो सांगतो. त्याने दोन सबंध इंग्रजी कादंबऱ्या तोंडपाठ केल्या होत्या. पुढील सहा महिन्यांत त्याने याच रीतीने फ्रेंच भाषा शिकून घेतली.

ही हकिकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे, आणि स्वतःविषयी लिहिताना तिखटमीठ लावण्याची त्याला खोड होती, हे पुढील संशोधकांनी दाखवून दिले आहे. तेव्हा महिन्यांचा हिशेब कोणी अक्षरशः खरा धरू नये. परंतु त्याच्या रीतीत जी तत्त्वे आहेत ती खोटी नव्हेत, आणि ती का खरी आहेत हे पाहण्यासारखे आहे.

भाषा ही मुळात कानाची आणि जिभेची वस्तू आहे. लिपी मागाहून येते. तान्हे मूल वर्षभर नुसते ऐकत असते, त्यानंतर कोठे ते पहिला शब्द बोलते. या वर्षभरात त्याचा कान मातृभाषेतील ध्वनी वेगवेगळे ओळखावयास शिकतो, आणि जे भेद मातृभाषेत नाहीत त्यांकडे दुर्लक्ष करावयासही शिकतो. म्हणून ‘ताट’ आणि ‘टाट’ यांतील फरक मराठी मुलाला सहज कळतो, पण इंग्रज मनुष्याला तो पुष्कळदा ऐकूच येत नाही. उलट, इंग्रजीत जेथे दोन निरनिराळे ध्वनी आहेत तेथे मराठी मनुष्य एकच ‘व’ उच्चारून मोकळा होतो. त्यांपैकी एक ध्वनी वरचे दात खालच्या ओठाला टेकवून काढावा लागतो, दुसरा दोन्ही ओठांचा चंबू करून. डोळ्यांनी पुस्तक वाचून हा भेद कधीही साधणार नाही. आधी तो कानाला पटला पाहिजे, मग तोंडाला सवय झाली पाहिजे. आणि तोंडाला सवय व्हावयाची तर मोठ्याने वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

श्लीमानच्या कानाला हा नाद फार लवकर लागला होता. चौदाव्या वर्षी शाळा सोडून तो एका किराणा दुकानात कामाला राहिला होता. तेथे एके दिवशी एक गिरणीवाला आला आणि होमर या प्राचीन ग्रीक कवीच्या शंभरेक ओळी त्याने तालासुरात म्हणून दाखविल्या. मुलाला एका शब्दाचाही अर्थ कळला नाही. तरीही त्याने आपल्याजवळचे चार पैसे खर्चून त्या माणसाचा पाहुणचार केला आणि त्या ओळी पुनःपुन्हा म्हणवून घेतल्या.

भाषांतर करावयाचे नाही, या नियमाचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. नवा शब्द आला की त्याचा मराठी अर्थ शेजारी लिहावयाचा, हाच अभ्यास अशी अनेकांची समजूत असते. एखादा परदेशी मनुष्य या पद्धतीने मराठी शिकू लागला तर त्याची काय अवस्था होईल? कोशात पाहून त्याने ‘लागणे’ या शब्दासमोर आपल्या भाषेतील एक शब्द लिहून ठेवला. मग त्याला दिसून येते की मराठी माणसाला भूक लागते, ठेच लागते आणि ऊनही लागते. आंबा गोड लागतो. गावाला पोचावयास दोन तास लागतात. मुले खेळू लागतात आणि कोणाचा कोणी मामा लागतो! एका शब्दाला एक प्रतिशब्द, हा हिशेब येथे कोसळतो. ज्या भुकेविषयी मराठी माणूस ‘मला भूक लागली’ असे म्हणतो, तिच्याविषयी इंग्रज ‘मी भुकेला आहे’ अशा अर्थाचे वाक्य बोलतो, आणि फ्रेंच व जर्मन माणसे ‘माझ्याजवळ भूक आहे’ अशा धर्तीचे. पोट सर्वांचे सारखेच. वाक्ये मात्र निराळी. म्हणून सुटा शब्द पाठ करण्यापेक्षा सबंध वाक्य पाठ करावे. वाक्याबरोबर शब्द आपली संगतसोबत घेऊन येतो आणि कोठे बसावयाचे हेही तोच सांगतो.

इ. स. १८४४ साली श्लीमानला दुसऱ्या एका मोठ्या पेढीत जागा मिळाली. या पेढीचा निळीचा व्यापार रशियाशी चाले, पण रशियन जाणणारा तेथे कोणी नव्हता. श्लीमानने ती भाषा शिकावयाचे ठरविले. मात्र सबंध शहरात त्याला शिक्षक मिळेना. एक जुने व्याकरण, एक कोश आणि एका फ्रेंच कथेचे वाईटसे रशियन भाषांतर, एवढे साहित्य त्याने मिळविले. आपले पाठांतर ऐकणारा कोणी असला तर प्रगती लवकर होईल असे त्याला वाटले. म्हणून आठवड्याला चार फ्रँक देऊन त्याने एका गरीब ज्यू गृहस्थाला रोज संध्याकाळी दोन तास समोर बसवून ठेवले. त्या गृहस्थाला रशियनचे एक अक्षरही समजत नव्हते! श्लीमान मोठमोठ्याने म्हणत राही आणि तो ऐकत राही. घराच्या मधल्या तक्तपोशी पातळ असत. शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या आणि या पाठांतरापायी श्लीमानला दोनदा बिऱ्हाड बदलावे लागले. सहा आठवड्यांनी त्याने आपले पहिले रशियन पत्र लिहिले, आणि निळीच्या लिलावासाठी आलेल्या रशियन व्यापाऱ्यांशी तो त्यांच्याच भाषेत बोलू लागला. इ. स. १८४६ मध्ये पेढीने त्याला आपला प्रतिनिधी म्हणून सेंट पीटर्सबर्ग येथे पाठविले.

या हकिकतीत हसू येण्यासारखे पुष्कळ आहे, पण त्या ज्यू गृहस्थाला दिलेले चार फ्रँक वाया गेले नाहीत. एकट्याने मनात म्हटलेले वाक्य आणि दुसऱ्याच्या तोंडावर म्हटलेले वाक्य यांत फार अंतर असते. वर्गात कितीतरी मुलांना इंग्रजी वाक्य ठाऊक असते. पण कोणी हसेल या भीतीने ती गप्प बसतात. पाण्यात न उतरता पोहणे शिकण्याचाच हा प्रकार. आणि हसणाऱ्याला त्या भाषेत काय येते, हेही एकदा विचारून पाहावे.

व्याकरणाविषयी मात्र श्लीमानचे मत एकांगी होते. नियम घोकण्यात वेळ दवडू नये असे तो म्हणे. नुसते नियम घोकून कोणाला बोलता येत नाही, हे खरे. परंतु पुष्कळ वाक्ये तोंडात बसल्यावर त्यांतील समान धागा व्याकरण दाखवून देते, आणि मग शंभर वाक्यांचे ओझे एका नियमावर पेलता येते. व्याकरण आधी की वाक्ये आधी, एवढाच काय तो प्रश्न. लहान वयातच भाषा येते, मागाहून नाही, हीही समजूत अर्धीच खरी. उच्चार लहानपणी लवकर बसतात, हे मान्य. पण टॉमस स्टीफन्स हा इंग्रज धर्मोपदेशक इ. स. १५७९ मध्ये गोव्यात आला तेव्हा तिशीचा होता. पुढे त्याने मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते इ. स. १६१६ मध्ये छापले गेले.

श्लीमानने ग्रीक भाषा हाती घेतली ती चौतिसाव्या वर्षी. तिचा नाद लागला तर व्यापार बुडेल, या धास्तीने त्याने ती इतकी वर्षे लांबणीवर टाकली होती! जी फ्रेंच कथा त्याला पूर्वीपासून पाठ होती तिचेच अर्वाचीन ग्रीकमधील भाषांतर त्याने मिळविले. कथा ओळखीची असल्यामुळे कोश उघडण्याची फारशी गरज पडली नाही.

पुढे तो देशोदेशी हिंडला. ज्या देशात जाई तेथील भाषेत रोजनिशी लिहिण्याचा त्याचा परिपाठ होता. इ. स. १८९० मध्ये तो मरण पावला. त्याच्या प्रवासाच्या वह्या अथेन्समधील एका ग्रंथालयात आजही जतन करून ठेवल्या आहेत. सरहद्द ओलांडली की वहीतील भाषा बदलते. त्या लिखाणात चुकाही आढळतात. पण चुका होतील म्हणून त्याने एखाद्या देशाची वही कोरी ठेवली नाही.