दगडी घराच्या उबेचा हिशोब

गॅसचा मीटर घनमीटर मोजतो आणि बिल येतं किलोवॅट-तासांचं. मधला गुणाकार कंपनी करते: मीटरवरचा आकडा गुणिले १.०२२६४, गुणिले गॅसचा उष्मांक (साधारण ३९), भागिले ३.६. म्हणजे एका घनमीटर गॅसमधून अकराच्या थोडे वर किलोवॅट-तास मिळतात. मीटर फार जुना असला तर तो शंभर-शंभर घनफुटांत मोजतो आणि त्याचा आकडा आधी २.८३ ने गुणावा लागतो. ते पाहिलं नाही तर पुढचं सगळं गणित जवळपास तिपटीने हुकतं. एडिंबरातल्या कुठल्याही जुन्या फ्लॅटचा हिशोब करताना म्हणूनच मी आधी मीटरच्या कपाटाशी जाते, भिंतींकडे नंतर बघते.

या वेळचं घर मार्चमंट भागातलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत इथे वालुकाश्माच्या चार मजली इमारतींच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. मधोमध सामाईक दगडी जिना आणि प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दारं. भिंत साठ सेंटिमीटर जाड, आतून लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा. सव्वातीन मीटर उंचीची छतं, त्यांच्या कडेने नक्षीची पट्टी. वर-खाली सरकणाऱ्या उंच खिडक्यांना एकेरी काच. घरात राहणारं जोडपं सांगलीकडचं. दुसऱ्या मजल्यावरचं हे घर घेऊन त्यांना वर्ष झालं होतं. हातात विकत घेतानाचा ऊर्जा दाखला होता आणि खिडक्यांना आतून दुसरी काच बसवणाऱ्याचं सहा हजार पौंडांचं कोटेशन.

"ताई, या भिंतीच गारठवतात हो," ती म्हणाली. "हात लावून बघा."

भिंत गार लागते हे खरं. पण हाताला काय लागतं आणि उष्णता कुठून जाते, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. त्या वेगळ्या करायला टेप घेऊन बसावं लागतं.

दिवाणखाना पाच बाय साडेचार मीटरचा. बाहेरच्या हवेला लागून एकच भिंत, साधारण १५ चौरस मीटर, आणि त्यातले ५ खिडक्यांचे. उरलेल्या तिन्ही बाजूंना आपल्याच खोल्या किंवा शेजारी. वर-खालीही ऊब असलेली घरं. अशा दगडी भिंतीच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना, साधारण १.३ वॉट जातात. एकेरी काचेतून ५ वॉट. म्हणजे भिंतीचे १३ आणि खिडक्यांचे २५. मग हवा. खोलीचं घनफळ ७३ घनमीटर. जुन्या घरात तासाला एकदा तरी सगळी हवा बदलते असं धरलं, तर प्रत्येक घनमीटरला ०.३३ या हिशोबाने २४ वॉट. बेरीज ६२. जानेवारीत बाहेर चार अंश आणि आत वीस असले तर सोळाने गुणायचं: खोली वीस अंशांवर ठेवायला सतत एक किलोवॅट लागतो. त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा त्या जाड दगडातून जातो. बाकीचा काचेतून आणि फटींतून.

कागदावरची ही बेरीज मी तिला दाखवली, तेव्हा तिने पुन्हा एकदा भिंतीला हात लावून पाहिला.

सगळ्या घराची बेरीज अशीच केली: एका अंशाला २१० वॉट. वर्षाचा आकडा काढायला इथे 'डिग्री-डे' वापरतात. ब्रिटनमध्ये बाहेरचं तापमान १५.५ अंशांच्या खाली गेलं की घराला बाहेरून ऊब द्यावी लागते असं धरतात. त्यावरची ऊब माणसं, स्वयंपाक, दिवे आणि ऊन पुरवतात. दिवसाचं सरासरी तापमान चार अंश असेल तर त्या दिवसाचे साडेअकरा. वर्षाची बेरीज एडिंबरासाठी मी २४०० च्या आसपास धरते. २१० गुणिले २४ तास गुणिले २४००: बारा हजार किलोवॅट-तास उष्णता. बॉयलर शंभरातले पंधरा चिमणीतून घालवतो, म्हणून गॅस चौदा हजारांचा.

आता मीटर. वर्षभराचा सगळा गॅस बारा हजार भरला. जुलै-ऑगस्टमध्ये हीटिंग बंद असताना रोजचे सात जात होते, ते अंघोळीचं पाणी आणि स्वयंपाक. वर्षाचे ते अडीच हजार वजा केले की ऊब द्यायला साडेनऊ हजार लागले. कागद चौदा म्हणतो आणि मीटर साडेनऊ. एक तृतीयांश कमी.

या फरकाने माणसं गोंधळतात, आणि बहुतेक वेळा मीटरवर संशय घेतात. खरं म्हणजे हा फरक नेहमीचा आहे. केंब्रिजच्या मिना सुनिक्का-ब्लांक आणि रे गॅल्विन यांनी २०१२ मध्ये जर्मन घरांचे आकडे तपासले, तेव्हा लोक दाखल्यावरच्या हिशोबापेक्षा सरासरी ३० टक्के कमी ऊर्जा वापरत असल्याचं दिसलं. घर कागदावर जितकं वाईट, तितकी ही तफावत मोठी. कारण साधं आहे: गळकं घर पूर्ण गरम करणं परवडत नाही, मग लोक एकाच खोलीत बसतात, स्वेटरवर स्वेटर चढवतात, झोपायच्या खोलीचा रेडिएटर बंद ठेवतात. या घरातही तेच चाललं होतं. तो रात्री घरून काम करायचा तेव्हा पायांवर सोलापुरी चादर असायची.

दाखला करणारा माणूस घरात थोडा वेळ येतो, मापं घेतो, आणि जे दिसत नाही त्यासाठी ठरलेली गृहीतकं भरतो. भिंतीसमोर 'गृहीत धरलेलं' असा शब्द छापलेला असतो, तो वाचायची सवय लावून घ्यावी. घरांची एकमेकांशी तुलना करायला दाखला चांगला आहे. पण त्यात लिहिलेली बचत तुमच्या बिलातून होईलच असं नाही. जो गॅस जाळलाच नाही, तो वाचणार कुठून? हे न सांगता जे सल्लागार हजारो पौंडांची कामं गळ्यात मारतात, त्यांचा मला मनापासून राग येतो. नव्याने आलेल्या कुटुंबांची सगळी शिल्लक अशा कोटेशनांत जाते.

म्हणून मी प्रत्येक सुधारणेचा आकडा दोन तृतीयांशावर आणते, मगच पौंडांत मांडते. गॅसच्या दराची कमाल मर्यादा इथे नियामक दर तीन महिन्यांनी ठरवतो. त्या दिवशी मी किलोवॅट-तासाला साडेसहा पेन्स धरले.

आधी खिडक्या, घरभर १६ चौरस मीटर. ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठात पॉल बेकर यांनी हिस्टॉरिक स्कॉटलंडसाठी जुन्या सरकत्या खिडक्यांवर प्रयोग केले होते. २००८ मध्ये आलेले त्यांचे निष्कर्ष मला अशा घरासाठी सगळ्यात उपयोगी वाटतात. आतून दुसरी काच बसवली तर काचेतून जाणारी उष्णता ६३ टक्क्यांनी घटते. जाड पडद्यांनी १४. आणि लाकडी झडपा बंद केल्या तर ५१.

झडपा या घरात होत्या. खिडकीच्या दोन्ही अंगांना लाकडी पाखी घडी घालून बसवलेली असतात. वर्षानुवर्षं रंगाचे थर चढत गेले की ती भिंतीचाच भाग वाटायला लागतात. त्याने पातळ सुरीने रंगाची रेघ कापली, मी कडेला बोटं घालून ओढलं, आणि पहिलं पाख करकरत बाहेर आलं. आत जुनं पितळी बिजागर शाबूत होतं. असा जुना रंग तासायचा नसतो, त्यात शिसं असू शकतं. कापून मोकळं करावं आणि वरून नवा हात द्यावा.

डिसेंबरच्या मध्यावर इथे पावणेचारच्या आत सूर्य मावळतो आणि सकाळी साडेआठनंतर उगवतो. पूर्ण हिवाळ्याचा हिशोब धरला तर निम्मा वेळ झडपा बंद राहतील, म्हणजे काचेतली गळती सुमारे पाव हिश्शाने घटेल. वर्षाला साठ पौंड, खर्च सुरी आणि रंगाचा. आतून दुसरी काच बसवली तर वर्षाला दीडशेच्या आत-बाहेर. सहा हजारांनी ते वसूल व्हायला चाळीस वर्षं. रस्त्याचा आवाज कमी होतो, खिडकीजवळ बसता येतं, हे फायदे खरे आहेत आणि त्यांसाठी कोणी पैसे दिले तर मी नको म्हणणार नाही. पण ते बिल वाचवण्यासाठी देऊ नयेत.

मग फटी. सल्लागारांकडे धुराची कांडी असते. तिने देवघरातून उदबत्ती आणली, आणि ती जास्त चांगली निघाली, कारण तिचा धूर सरळ आणि बारीक वर जातो. सरकत्या खिडकीच्या दोन भागांमधल्या जोडाशी तो आडवा झाला. दाराखाली, जोत्याच्या पट्टीच्या मागे, जिन्याकडच्या दाराच्या पत्रपेटीशी. सगळ्यात जोरात ओढला गेला तो वापरात नसलेल्या शेकोटीत, कारण तिची चिमणी उघडी होती. चिमणीत फुगा किंवा लोकरीचा बोळा बसवून थोडी वाट ठेवायची, नाहीतर आत ओल धरते. खिडक्यांच्या कडांना ब्रशच्या पट्ट्या बसवायच्या. एवढ्याने हवाबदल तीन दशांशाने जरी घटला, तरी वर्षाला ऐंशी पौंड.

मात्र सगळंच बुजवायचं नाही. आपल्या स्वयंपाकात कुकरच्या शिट्ट्या होतात, आमटी उकळते, हिवाळ्यात कपडेही घरातच वाळतात. ती वाफ बाहेर गेली नाही तर गार कोपऱ्यात बुरशी धरते. स्वयंपाकघरातला आणि न्हाणीतला पंखा चालू हवा, आणि गॅसच्या उपकरणासाठी ठेवलेला झरोका कधीही झाकायचा नाही.

भिंतींना आतून थर देण्याचा विचार त्याच्या मनात होता. त्याची बचत सत्तर पौंडांच्या आतच येते. त्यासाठी नक्षीची पट्टी काढावी लागते, आणि दगडात शिरलेली तुळयांची टोकं गार पडून ओल धरू शकतात. इथे मी स्पष्ट नको म्हटलं.

बॉयलरचं काम सर्वांत सोपं ठरलं. रेडिएटरला जाणारं पाणी ८० अंशांवर ठेवलेलं होतं. परतणारं पाणी ५५ च्या खाली आलं तरच हा बॉयलर धुरातल्या वाफेची उष्णता परत मिळवतो. तो बनवलेलाच त्यासाठी असतो. आम्ही ते ६० वर आणलं. घर तापायला जरा जास्त वेळ लागतो, म्हणून घड्याळ अर्धा तास आधी लावलं. हीट पंपाबद्दल त्याने विचारलं. इथे वीज गॅसच्या जवळपास चौपट महाग आहे, तेव्हा पंपाने एका युनिटमागे तीन-साडेतीन युनिटं उष्णता दिली तर कुठे बरोबरी होते. बाहेरचं यंत्र लावायला सामाईक मागच्या अंगणात सगळ्यांची संमतीही हवी.

आता रविवारी सकाळी मीटर वाचायचा, त्याचे किलोवॅट-तास करून अंघोळ-स्वयंपाकाचे रोजचे सात वजा करायचे, उरलेल्याला आठवड्याच्या डिग्री-डेंनी भागायचं आणि वहीत लिहायचं, असं ठरलं आहे. नुसतं बिल पाहिलं तर सौम्य हिवाळा बचतीसारखा दिसतो आणि कडक हिवाळ्यात केलेलं काम वाया गेल्यासारखं वाटतं. हिशोबाप्रमाणे आधी हीटिंगला एका डिग्री-डेला चार किलोवॅट-तास पडत होते. झडपा आणि फटी मिळून तो आकडा तीनच्या थोडा वर यायला हवा. फेब्रुवारीपर्यंत आला नाही, तर पुन्हा उदबत्ती घेऊन कपाटामागच्या जोत्याच्या पट्टीपासून सुरुवात करायची, कारण तेवढी एक जागा त्या दिवशी तपासायची राहिली होती.