आत्याचं मूल

माझी आत्या बालविधवा. शेवटची वर्षं तिने घाटकोपरला आमच्याकडेच काढली. ऐन विशीत ती 'देवदर्शनाला' म्हणून काही महिने पंढरपूरला राहिली होती. का, हे घरात कुणी विचारलं नाही.

पंढरपुरात १८७५ साली लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने अनाथालय निघालं. विधवेनं गुपचूप बाळंत व्हावं, मूल तिथे ठेवून घरी परतावं, अशी ती सोय. त्याआधी, १८६३ मध्ये, जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात असंच गृह काढलं आणि काशीबाई नावाच्या विधवेचा यशवंत पुढे दत्तकही घेतला.

नाशिकच्या उपाध्यायांच्या वहीत आमचं घराणं सापडलं, आत्याही. पण तिथे यजमान सांगतो तेवढंच लिहितात, आणि असलं मूल कोणता यजमान सांगेल? याउलट स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून जन्मनोंद सक्तीची. शंभर वर्षांपूर्वीची नोंद आज कुणीही घरबसल्या पाहतो; १९१९ पर्यंत तर त्यात 'अनौरस' असा शेराही मारत. (सोयीचं खरं, पण त्या बाईला काय वाटत असेल?)

आपली २०२२ ची दत्तक नियमावली वेगळी. दत्तक गेलेली व्यक्ती अठरा वर्षांनंतर स्वतः मूळशोध मागू शकते. तिऱ्हाइताला मनाई. भाचाही तिऱ्हाईतच! मला हे पटतं.

मुलुंडच्या धाकट्या बहिणीला पटत नाही. सख्ख्या आतेभावंडांचा सुमारे साडेबारा टक्के डीएनए जुळतो, हे तिने कुठेतरी वाचलंय. समोरच्यानेही चाचणी केलेली असायला हवी, हे सांगून झालं. तिने किट मागवलंय.