गुळाची नानकटाई आणि प्रमेहाचे पथ्य

‘साखर सोडली आहे, आता घरी गुळाचीच बिस्किटे करतो,’ असे समाधानाने सांगणारे प्रमेहाचे रुग्ण हल्ली बहुतेक वैद्यांना भेटत असतील. घरोघरी लहान ओव्हन आले आहेत, आणि 2023 च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात नाचणी-ज्वारीच्या पाककृतींचा पुष्कळ प्रसार झाला. मैदा व वनस्पती तूप सोडून घरी भाजलेला खाऊ खाण्याची ही प्रवृत्ती स्वागतार्हच आहे. परंतु ‘गुळाचे म्हणजे पथ्याचे’ हा समज आपल्याच शास्त्राच्या नावाने पसरत असेल, तर त्याचे निराकरणही आपणच केले पाहिजे.

चरकाचार्यांनी प्रमेहाची निदाने सांगताना दही, दूध, नवान्न यांच्याबरोबर गुळाच्या विकृतींचाही स्पष्ट निर्देश केला आहे. आधुनिक विश्लेषणही तेच सांगते: गुळात प्रामुख्याने उसाची साखरच असते. लोह व इतर क्षार थोडे अधिक मिळतात, पण चार बिस्किटांतून मिळणारी त्यांची मात्रा नगण्य, आणि त्याच चार बिस्किटांतील साखर मात्र नगण्य नव्हे. निरोगी बालकाच्या खाऊत साखरेऐवजी गूळ घालावा, हे आम्हांस मान्य आहे. प्रमेहीला तो ‘चालतो’ असे म्हणणे मान्य नाही.

मधाविषयी प्रमाद याहून गंभीर आहे. प्रमेहात मधु प्रशस्त, म्हणून तो केकमध्ये घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ओव्हनचे तापमान 160 ते 180 अंश सेल्सिअस असते, आणि उष्ण मधु तिन्ही संहिताकारांनी निषिद्ध मानला आहे. वमन व निरूहातील अपवाद वाचकांना ठाऊक आहेच. तेथे मधु न पचताच बाहेर पडतो, बिस्किटातला पडत नाही. मध द्यावयाचा तर तो भाजल्यानंतर, पदार्थ पूर्ण निवल्यावर वरून लावावा, तोही अल्प.

मग घ्यावे काय? प्रमेहीचा आहार यवप्रधान असावा, हे आपले जुने सूत्र येथे फार उपयोगी पडते. नानकटाईला चिकट, ताणल्या जाणाऱ्या कणकेची गरज नसते. ती खुसखुशीत होते ती तुपामुळे. म्हणून जव, नाचणी, ज्वारी यांची पिठे तिला सहज मानवतात. केकला मात्र फुगून उभे राहण्यासाठी गव्हाचा चिकटपणा लागतो, त्यामुळे निम्म्याहून अधिक भरड पीठ घातल्यास तो बसतो आणि गृहिणीचा उत्साहही त्याच्याबरोबर बसतो! नवशिक्या रुग्णाला नानकटाईच सांगावी. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, ही तिची जमेची बाजू. गव्हातील ग्लुटेन ज्यांना वर्ज्य आहे त्यांना मात्र जवही देऊ नये, कारण जवातही ग्लुटेन असते. त्यांच्यासाठी ज्वारी-नाचणी योग्य.

स्नेहाबाबत शंकेला जागा नाही. पूर्वी नानकटाई म्हणजे डालडा, असे समीकरणच होते. खाद्यतेले व वनस्पतींतील ट्रान्स मेदावर 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आली, तरीही बेकरीतील तुपाचे नाव व गुण रुग्णाला कळत नाहीत. घरचे तूप थिजलेले घेऊन ते हलके पांढरे होईपर्यंत फेटावे. त्यात हवा कोंडली जाते आणि सोड्याची गरज पुष्कळ कमी होते.

सोड्याकडे आपले दुर्लक्ष होते. एक सपाट चमचा खाण्याच्या सोड्यात सुमारे 1250 मिलिग्रॅम सोडियम असते; जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचविलेली दिवसभराची मर्यादा 2000 मिलिग्रॅम आहे. मीठ सोडलेला रक्तदाबाचा रुग्ण ‘फ्रूट सॉल्ट’ घातलेला केक निःशंकपणे खातो. क्षाराचा अतियोग टाळण्याविषयी चरकांनी विमानस्थानात दिलेला इशारा अशा रुग्णास आवर्जून सांगावा.

आमच्या पाहण्यातील एक सोपे प्रमाण देतो. जवाचे पीठ 1 वाटी, नाचणीचे पीठ 1 वाटी, तूप पाऊण वाटी, पिठीसाखर अर्ध्या वाटीहून कमी, वेलची व सुंठ आवडीनुसार. पिठे प्रथम मंद आचेवर खमंग भाजावीत, त्यामुळे कच्चट चव जाते. 160 अंशांवर 15 ते 20 मिनिटे पुरतात. प्रमेहीने याही नानकटाया दोनपेक्षा अधिक खाऊ नयेत, त्याही जेवणानंतर नव्हे, तर भूक लागल्यावर. पिष्टान्न गुरू आहे, हा नियम पीठ बदलल्याने बदलत नाही.

औषधालयांच्या चालकांना एक विनंती. ‘गुळाची’, ‘मधाची’ किंवा ‘साखरविरहित’ असे वेष्टनावर ठळक छापलेली बिस्किटे फळीवर मांडण्यापूर्वी मागची बाजू वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे. मैदा प्रथम व नाचणी चौथ्या स्थानी असेल, तर ती मैद्याची बिस्किटे आहेत, आणि प्रमेहीने विचारल्यास तसेच सांगावे.