रात्री दोनचं अनारशाचं पीठ

एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. "यंदा चकली, शेव, चिवडा सगळं बाहेरून सांगितलंय. घरी फक्त अनारसे. काम निम्म्यावर आलं, तरी रात्री दोनला टक्क जाग येते आणि डोक्यात यादी सुरू होते. असं का?"

'फक्त अनारसे' वाचून मी हसलो. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. मग पंच्यावर पसरून जरासे दमट राहतील इतपतच वाळवायचे, कुटायचे, चाळायचे, गुळात मळायचे आणि तो गोळा आणखी चार-पाच दिवस डब्यात मुरू द्यायचा. प्रत्यक्ष हात लागतो जेमतेम दोन-तीन तास. काम मात्र आठवडाभर अर्धवटच असतं. चिवडा तासाभरात डब्यात जाऊन बसतो. अनारसा डोक्यात बसतो.

अर्धवट कामांच्या या चिकटपणावर पहिले गाजलेले प्रयोग झाले ते बर्लिनमध्ये. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन कॅफेत गप्पा मारत बसत. किस्सा असा सांगतात, की तिथल्या वेटरला टेबलावरच्या प्रत्येकानं काय घेतलं ते न लिहिता पाठ असे. बिल चुकतं झालं की थोड्याच वेळात पाटी कोरी. त्यांच्या विद्यार्थिनीनं, ब्लूमा झायगार्निकनं, हे तपासायचं ठरवलं. दीडशेहून अधिक जणांना तिनं मणी ओवणं, मातीच्या आकृत्या करणं, कोडी सोडवणं अशी वीसेक छोटी कामं दिली आणि निम्म्या कामांत त्यांना मध्येच थांबवलं. नंतर विचारलं, तर पुरी झालेल्या कामांपेक्षा अर्धवट राहिलेली जवळजवळ दुपटीनं आठवत होती. १९२७ साली हे छापून आलं आणि 'झायगार्निक परिणाम' जगभर गेला. मालिकेचा भाग ऐन प्रसंगात का तोडतात, याचं उत्तर म्हणून आजही तो सांगितला जातो. रीलवाल्यांनी तर त्याची पार चटणी केली आहे.

गंमत अशी, की पुढे अनेकांनी हा प्रयोग करून पाहिला आणि कुणाला तो परिणाम सापडला, कुणाला नाही. २०२५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी आजवरचे प्रयोग एकत्र मांडले, तर अर्धवट कामं जास्त आठवतात याला भक्कम आधार मिळाला नाही. आधार मिळाला तो दुसऱ्याच एका गोष्टीला. ती शोधणाऱ्या बाईंचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं.

मारिया ओव्हसियांकिना. सैबेरियातल्या चिता गावी जन्मलेली, लेविन यांचीच विद्यार्थिनी. झायगार्निकचं संशोधन ज्या नियतकालिकात छापलं गेलं, त्यातच १९२८ मध्ये तिचा निबंध आला. तिनंही लोकांना कामं देऊन मध्येच थांबवलं, पण काय आठवतं हे विचारलं नाही. थोडा मोकळा वेळ दिला आणि ते काय करतात ते पाहत राहिली. बक्षीस नाही, कुणी सांगितलेलंही नाही, तरी बहुतेकांचे हात आपसूक त्या अर्धवट कामाकडे वळले. पुढे ती अमेरिकेत प्राध्यापक झाली. तिच्या नावाचा परिणाम पाठ्यपुस्तकात असलाच तर तळटीपेत असतो. माझ्या मते पत्रातल्या बाईंचं दुखणं झायगार्निकपेक्षा ओव्हसियांकिनाला जास्त कळलं असतं. प्रश्न आठवणीचा नाहीच. काम ओढतं, आणि रात्री दोनला उठून गूळ किसता येत नाही.

मग सगळं संपेपर्यंत झोप नाही? तसंही नाही. २०११ मध्ये मासिकॅम्पो आणि बाऊमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की काम पुरं करायची गरज नसते. ते कधी आणि कसं करणार हे नेमकं ठरलं, तरी त्याचे विचार मध्येमध्ये घुसायचे थांबतात. २०१८ मध्ये झोपेचे संशोधक मायकेल स्कलिन यांनी ५७ तरुणांना प्रयोगशाळेत झोपवलं. निम्म्यांनी झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या दिवसांतल्या कामांची यादी लिहिली, बाकीच्यांनी झालेल्या कामांची. पहिल्यांना सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली, आणि यादी जितकी बारीकसारीक तितकी लवकर. प्रयोग लहान आहे आणि नऊ मिनिटं म्हणजे काही चमत्कार नव्हे. पण वही-पेन्सिलीला खर्च तरी काय? फक्त 'फराळ' असं लिहून भागत नाही. 'भाजणी बुधवारी गिरणीत' असं लिहावं लागतं.

मात्र दिवाळी उलटून दोन आठवडे झाले तरी झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर तो यादीचा मामला नाही. तेव्हा १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक फिरवावा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि यादी लिहायची कुणी? अ‍ॅलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या ३५ जोडप्यांच्या मुलाखती घेऊन २०१९ मध्ये घरकामाचा न दिसणारा भाग उलगडला: काय लागेल ते आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं आणि झालं की नाही यावर नजर ठेवणं. ठरवण्यात नवरे बरोबरीनं होते. ओळखणं आणि नजर ठेवणं बहुतेक बायकांकडेच. 'काय करू ते सांग' म्हणणारा नवरा कणीक मळून देतो, पण ओळखण्याचं आणि नजर ठेवण्याचं काम जिथल्या तिथेच राहतं.

आमच्या आईची यादी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत असायची, पेन्सिलीनं. सोमवारी 'भाजणी दळण', मंगळवारी 'रवा, डालडा'. एका वर्षी मी मोठ्या तोऱ्यात पेन्सिल घेऊन गुरुवारच्या चौकटीत लिहिलं, 'कंदील – मी'. शुक्रवारच्या चौकटीत तिच्या अक्षरात होतं, 'कंदील?' शनिवारी, 'कंदील??'