बडनेऱ्याच्या बायका आणि नववी सिम्फनी

बीथोव्हनच्या नवव्या सिम्फनीत गाणारी माणसं पहिली चाळीसेक मिनिटं नुसती बसून असतात. मागच्या पायऱ्यांवर, काळ्या कपड्यांत, मांडीवर स्वरलिपीची पुस्तकं ठेवून. त्यांच्या पुढ्यात व्हायोलिनं, बासऱ्या, शिंगं, नगारे सगळं भरभरून वाजत असतं आणि ही माणसं ओठ मिटून ऐकत असतात. तिसरा भाग संपत आला तेव्हा माझी मैत्रीण कानाशी लागली, "काहून वं, हे लोकं गात काहून नाई?" तिची लेक त्या पायऱ्यांवर बसलेली होती. तिला ऐकायलाच आम्ही बडनेऱ्याहून रात्रीच्या गाडीनं मुंबईला आलो होतो.

आम्ही नव्या वस्तीतल्या भजनी मंडळातल्या बायका. एकादशीचं भजन, कार्तिकातला काकडा, गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना ही आमची गाण्याची शाळा. मी पेटी वाजवते, मैत्रीण टाळ धरते. तिची लेक नोकरीसाठी मुंबईला गेली आणि तिथं एका हौशी कोरसमध्ये शिरली. बँकेतली, शाळेतली, दवाखान्यातली माणसं संध्याकाळी कामं आटोपून तालमीला जमतात आणि वर्षाकाठी एकदोन मोठ्या कृती बसवतात, असा तो प्रकार. त्यातल्या कोणी गाण्याच्या परीक्षा दिलेल्या नसतात, पण स्वरलिपी सगळे वाचतात. ही पोरगीही तिथंच वाचायला शिकली.

दिवाळीत ती घरी आली तेव्हा स्वयंपाकघरात तिचा रियाज चालायचा. कोरसचे चार गट असतात. बायकांतल्या उंच आवाजाच्या सोप्रानो, खालच्या आवाजाच्या आल्टो, पुरुषांतले उंच टेनर आणि ढाल्या आवाजाचे बास. ती आल्टो. आल्टोच्या वाट्याला मुख्य चाल फार कमी येते. एकाच स्वरावर थांबायचं, एक पायरी खाली जायचं, परत यायचं. आई वैतागायची, "याले चाल तं लागूनच नाई राह्यली!" आणि खरंच, ती जे गात होती त्याला एकट्यानं ऐकलं तर काही अर्थ लागत नव्हता. पोरगी म्हणायची, "मावशी, तुम्ही सगळ्याजणी याच. मग समजेल." या संगीतात नेमकं वेगळं काय आहे, ते मला तिच्या त्या अर्धवट वाटणाऱ्या ओळीनं शिकवलं.

आपल्या भजनात पन्नास जणी असल्या तरी चाल एकच. कोणी वरच्या सप्तकात गाईल, कोणी खालच्या, पण सगळ्यांच्या तोंडी एका वेळी एकच स्वर. तिथं एका वेळी चार गट चार वेगळे स्वर लावतात आणि ते स्वर एकमेकांशी जुळतील असे आधीच लिहून ठेवलेले असतात. त्यामुळे प्रत्येकाजवळ गाण्याचा एकच तुकडा असतो. आल्टोनं आपला तुकडा चोख लावला नाही तर सोप्रानोची सुरेख चालही पोकळ वाटते. आपल्या रागसंगीतानं एका गळ्यात सगळी खोली शोधली. पाश्चात्य संगीतानं ती अनेक गळ्यांत वाटून दिली. मला दोन्ही हवं आहे.

जाण्याआधी मी पेटीवर तयारी केली होती. नवव्या सिम्फनीच्या शेवटच्या भागातली ती जगप्रसिद्ध चाल पांढरी दोनमध्ये आहे. पांढरी दोनचा सा धरा, सगळे स्वर शुद्ध, आणि जवळजवळ सगळी चाल सा ते प एवढ्या पाच स्वरांत बसते. शेजारच्या स्वरावरून शेजारच्या स्वरावर पाऊल टाकत जाते, उड्या फार थोड्या. मंडळातल्या प्रत्येकीला ती एका बैठकीत गुणगुणता आली. माझं ठाम मत आहे की मोठी कृती ऐकायला जायचं तर एवढी तयारी करूनच जावं. एक चाल ओळखीची असली की सव्वा तासाच्या संगीतात आपल्याला भेटायला कोणीतरी आहे असं वाटतं.

मुंबईत नरिमन पॉइंटच्या टोकाला, समुद्राला लागून, नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स आहे. ही संस्था 1969 सालची. तिथलं जमशेद भाभा थिएटर 1999 मध्ये सुरू झालं. अकराशेच्या वर खुर्च्या आहेत, आणि आत शिरताच जो संगमरवरी जिना दिसतो तो मलबार हिलवरच्या पेटिट यांच्या जुन्या वाड्यातून आणून बसवलेला. इथंच 2006 मध्ये खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा केला. देशातला हा एकमेव व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रा. त्यातले बरेच वादक परदेशातून मोसमापुरते येतात, आणि इथल्या मुलांना शिकवून तयार करणारी अकादमीही संस्थेनं चालवली आहे.

सभागृहात बसल्यावर मी आधी माइक शोधले. समोर नव्हते, वर टांगलेलेही दिसले नाहीत, भिंतींवर भोंगेही नव्हते. असं संगीत ध्वनिवर्धकाशिवायच ऐकवतात. छत, भिंती, लाकूड यांची रचनाच अशी करतात की एका व्हायोलिनचा बारीक स्वरही मागच्या रांगेपर्यंत पोचतो. आमच्याकडे गणपती असो की लग्न, डीजेनं छातीची धडधड वाढते. तिथं साठसत्तर वाद्यं एकदम वाजली तरी कानाला त्रास झाला नाही, आणि एकटी बासरी वाजली तेव्हा ती ऐकायला आम्ही सगळ्या नकळत पुढे सरकलो. भागांच्या मध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत, बोलायचं नाही, ही शिस्त यासाठी आहे. ती मला पूर्ण पटली. चारही भाग मिळून एक कृती आहे, टाळ्या शेवटी.

सुरू होण्याआधी ओबो नावाचं एक फुंकवाद्य एक स्वर देतं, पांढरी सहाचा. सगळे त्यावर आपापली वाद्यं लावून घेतात. मग काही क्षण शांतता, आणि नववी सिम्फनी सुरू होते ती अशी की अजून वाद्यं लावणंच चाललं आहे असं वाटावं. पांढरी सहा आणि तिचा पंचम, एवढेच दोन स्वर, अगदी हलके, थरथरत. तंबोरा छेडल्यावर खोली भरते तसं ते सभागृह भरलं. मग त्या धूसरपणातून पहिला भाग अंगावर कोसळतो. दुसरा भाग नगाऱ्यांच्या ठोक्यांचा, धावता. तिसरा संथ. त्यात मी डोळे मिटून घेतले होते, म्हणून त्याविषयी फार लिहीत नाही.

चौथा भाग सुरू होताच मात्र डोळे उघडे ठेवावे, कारण तिथं जे घडतं ते बघण्याचंही आहे. आधी सगळी वाद्यं एक कर्कश आरोळी ठोकतात. मग ऑर्केस्ट्रा पहिल्या भागातला एक तुकडा वाजवून बघतो. चेलो आणि डबल बास ही सर्वांत ढाली तंतुवाद्यं त्याला नाही म्हणतात. अगदी माणसानं बोलावं तशी ती बोलतात. मग दुसऱ्या भागातला तुकडा येतो, त्यालाही नकार. तिसऱ्यालाही. आणि मग ती ढाली वाद्यंच, कुणाच्याही साथीशिवाय, अगदी खालच्या आवाजात ती पाच स्वरांची चाल धरतात. मैत्रिणीनं माझा हात दाबला. "आली वं, आली!" चाल तिथून व्हियोलांकडे जाते, मग व्हायोलिनांकडे, मग सगळ्या वाद्यमेळाकडे. दर वेळी तीच चाल, आणि भोवती नवी नक्षी.

त्यानंतर पुन्हा ती आरोळी, आणि आता एक पुरुष गायक उभा राहतो. त्याचे पहिले शब्द बीथोव्हननं स्वतः घातलेले आहेत. तो मित्रांना साद घालतो आणि म्हणतो की हे सूर पुरे, आता आनंदाचे सूर लावू. पुढची कविता जर्मन कवी शिलर याची, 1785 सालची, आनंदाला उद्देशून लिहिलेली. आणि मग मागच्या पायऱ्यांवरचे सगळे एकदम उभे राहतात. इतका वेळ गप्प बसलेल्या त्या माणसांचा पहिला आवाज आला तेव्हा मैत्रिणीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. लेकीचा आवाज तिला वेगळा ऐकू येत नव्हता, येणारच नव्हता. पण दिवाळीत अर्थ न लागलेली ती आल्टोची ओळ आता सोप्रानो आणि पुरुषांच्या मध्ये भरलेली होती, आणि ती मला ओळखू आली.

मध्येच एक वेगळी गंमत आहे. तोवर रिकामे बसलेले दोघंतिघं मागे उठतात. एकाकडे मोठा ढोल, एकाकडे झांजा, एकाकडे लोखंडी त्रिकोण. मग एक लष्करी थाटाची चाल सुरू होते. ही वाद्यं युरोपातल्या ऑर्केस्ट्रात तुर्की सैन्याच्या बँडवरून आली आणि बीथोव्हनच्या काळात व्हिएन्नात त्या थाटाची आवड होती. आमच्या टाळवालीनं झांजा ऐकून मान डोलावली. गंभीर सिम्फनीत आनंदाच्या वाटेवर त्यानं रस्त्यावरचा बँडही सोबत घेतला, हे मला फार आवडलं.

ही सिम्फनी प्रथम 7 मे 1824 रोजी व्हिएन्नात झाली. तोवर बीथोव्हन पार बहिरा झाला होता. त्या दिवशी तो ऑर्केस्ट्राच्या बाजूला तोंड करून उभा होता आणि मागे चाललेला टाळ्यांचा कडकडाट त्याला कळला नाही, तेव्हा कॅरोलिन उंगर या गायिकेनं त्याला वळवून श्रोत्यांकडे केलं, अशी हकिकत सांगतात. त्यातलं संगीत त्यानं कानानं कधी ऐकलंच नाही. पहिल्या महायुद्धात जपानमधल्या बांदो इथल्या छावणीत जर्मन युद्धकैद्यांनी 1 जून 1918 रोजी ती सगळी बसवून सादर केली. पुढे जपाननं ती इतकी आपली केली की तिथं दर डिसेंबरात गावोगावचे हौशी कोरस ती गातात आणि ओसाकात दहा हजार माणसं एकत्र उभी राहून गातात. त्यातल्या बहुतेकांना जर्मन येत नाही. ते शब्द पाठ करतात.

आपल्याकडेही हे संगीत कालपरवाचं नाही. मेहली मेहता यांनी 1935 मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला. त्यांचे चिरंजीव झुबिन मेहता पुढे जगभर गाजले. व्हिक्टर परंज्योती यांनी मुंबईत कोरस उभारला, आणि त्यांच्यामागे कूमी वाडिया यांनी तो कित्येक दशकं चालवला. गोव्यात चर्चच्या शाळांत मुलांना लहानपणीच स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवण्याची जुनी रीत होती. त्या शाळांतून निघालेले वादक हिंदी चित्रपटांच्या रेकॉर्डिंगला बसत. त्यांपैकी माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्व्हिस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. 'अमर अकबर अँथनी'मधलं ते नाव त्यांचंच आहे. त्यांनी 1958 मध्ये भारतीय रागांवर बेतलेलं संगीत वाजवणारा मोठा ऑर्केस्ट्रा उभा केला आणि त्यासोबत लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना गायला लावलं. असा प्रयोग पुढे चालला असता तर आज आपल्या शाळांतून वेगळंच संगीत ऐकू आलं असतं, याची मला हळहळ वाटते.

आणि वऱ्हाडाला एकत्र गाण्याची ओळख कुणी करून द्यायला नको. अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये गुरुकुंज आश्रम स्थापला. खंजिरीवर भजन करत त्यांनी गावोगावी सामुदायिक प्रार्थना रुजवली. जातपात विसरून एका रांगेत बसायचं आणि एका सुरात म्हणायचं. ऑक्टोबरातल्या पुण्यतिथीला तिथं जो जनसागर जमतो त्यात मी लहानपणापासून बसत आले आहे. शेजारचीचा सूर ऐकून आपला सूर लावायचा, हे आम्हाला तिथं अंगवळणी पडलं. कोरसच्या तालमीत पहिल्या दिवशी हेच शिकवतात, असं मैत्रिणीची लेक सांगते. म्हणून "हे संगीत आपलं नाही, आपल्याला समजत नाही" हे बोलणं मला मान्य नाही. ज्या गावात पहाटे काकडा होतो त्या गावाला कोरस समजतो.

कुणाला जायचं असेल तर सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे मुख्य मोसम साधारण फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात असतात. कोरसची कृती दर वेळी नसते, कार्यक्रम बघून तिकीट काढावं. शक्यतो वरच्या मजल्यावर बसावं, तिथून कोणता आवाज कुठून निघतो ते दिसतं. एकट्यानं जाऊ नये. आम्ही परतीच्या गाडीत कल्याणपासून इगतपुरीपर्यंत त्या चालीत मराठी शब्द बसवून बघत होतो आणि डब्यातल्या दोन अनोळखी बायकाही आमच्यात आल्या.

पण सगळ्यांनी मुंबईलाच का जावं? पूर्ण ऑर्केस्ट्रा आणणं खर्चाचं आहे, हे मला कळतं. पंचवीस-तीस जणांचा कोरस आणि सोबत एक पियानो किंवा चार तंतुवाद्यं एवढ्यानं सुरुवात करता येते. अमरावतीत संत ज्ञानेश्वर सांस्कृतिक भवन आहे, शहरात महाविद्यालयं आहेत, संगीताचे वर्ग आहेत, चर्चमध्ये नाताळची गाणी बसवणारी तरुण मुलं आहेत. त्यांनी आणि आमच्यासारख्या भजनी मंडळांनी मिळून मुंबई-पुण्याच्या एखाद्या कोरसला बोलवावं, आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांच्याकडून दोन आवाजांत एक गाणं शिकून घ्यावं. आमचं मंडळ राहण्याजेवणाची सोय करायला तयार आहे. ज्यांना यात हात लावायचा आहे त्यांनी पुढे यावं.