सातासमुद्रांपलीकडची शिदोरी

प्रवासास निघणाऱ्या माणसाच्या हाती शिदोरी देण्याची आपल्याकडे फार जुनी चाल आहे. पूर्वी लोक पायी किंवा बैलगाडीने दूरच्या गावी जात, तेव्हा दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या आणि कोरडी चटणी बरोबर घेत. १८८८ साली गांधीजी बॅरिस्टर होण्यासाठी बोटीने विलायतेस निघाले. काट्याचमच्यांनी जेवण्याचा त्यांना सराव नव्हता आणि कोणत्या पदार्थात मांस नाही हे विचारण्याचाही संकोच वाटे. म्हणून बरोबर नेलेली मिठाई व फळे ते आपल्या खोलीतच खात, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. आजही शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांच्या सामानात मेतकूट, चकल्या, पापड, लोणचे असे काही ना काही असतेच.

इतक्या दूरच्या प्रवासात हे पदार्थ टिकतात कसे? अन्न नासते ते मुख्यतः सूक्ष्म जंतूंमुळे व बुरशीमुळे. आणि त्यांना वाढण्यास पाणी लागते. पापड उन्हात वाळवतात. मेतकुटासाठी डाळी व धान्ये कोरडी भाजून दळतात. चकली तळताना तिच्यातील बहुतेक पाणी वाफ होऊन निघून जाते. लोणच्यात पाणी असते खरे. पण मीठ ते जंतूंच्या उपयोगी पडू देत नाही, कैरीचा आंबटपणा त्यांना मानवत नाही, आणि वरच्या तेलामुळे हवेला आत वाव राहत नाही. मीठ जे काम करते, तेच मोरावळ्याच्या दाट पाकातील साखर करते.

ताज्या फळांची गोष्ट मात्र वेगळी आहे. फळमाशीची मादी आंब्याच्या सालीखाली अंडी घालते. वरून फळ निर्दोष दिसते. आत अळ्या वाढत असतात. असे फळ परदेशी नेले आणि किडके निघाले म्हणून अंगणात टाकले, तर अळ्या मातीत शिरून कोश करतात व काही दिवसांनी त्यांतून माश्या बाहेर पडतात. त्यांचे नैसर्गिक शत्रू त्या देशात नसले, तर त्या भराभर वाढतात आणि तेथील शेतकऱ्यांच्या बागा धोक्यात येतात.

असे संकट आपणही अनुभवले आहे. रस्त्याच्या कडेला बारीक पांढऱ्या फुलांचे गाजरगवत तुम्ही पाहिले असेल. ते मूळचे अमेरिका खंडातले. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात आढळले. आयात केलेल्या धान्याबरोबर त्याचे बी नकळत आले, असे मानतात. आज ते देशभर पसरले आहे. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते आणि शेतकरी ते उपटून उपटून थकतात.

म्हणून प्रत्येक देश आपली दारे जपतो. २००७ साली अमेरिकेस आपले आंबे गेले, ते नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे गॅमा किरणांची प्रक्रिया केल्यावरच. या किरणांमुळे फळातील किडीची वंशवृद्धी थांबते. पुढे भारतातून गेलेल्या मालात फळमाश्या व इतर कीड आढळल्यामुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आपले आंबे, वांगी, कारली, पडवळ व अळू घेण्याचे बंद केले. येथील तपासणी सुधारल्यावर आंब्यांवरील बंदी २०१५ च्या आरंभी उठली.

व्यापाऱ्याच्या पेटीप्रमाणेच प्रवाशाच्या पिशवीलाही नियम असतात. ऑस्ट्रेलियात उतरणाऱ्याने आपल्याजवळचे खाद्यपदार्थ अधिकाऱ्यांस कळवावे लागतात. लपविल्यास दंड होतो. युरोपीय संघाच्या देशांत भारतातून दुधाचे व मांसाचे पदार्थ प्रवाशांना नेता येत नाहीत, कारण त्यांतून लाळ्या-खुरकुतासारखे जनावरांचे रोग पसरू शकतात. आजीने कितीही मायेने पेढ्यांचा पुडा दिला, तरी तो घरीच ठेवावा लागतो.

परदेशात आपण त्या देशाच्या शेतात पिकलेले अन्न खातो. त्या शेतांना व गोठ्यांना आपल्या शिदोरीने अपाय होऊ नये, हे पाहणे आपले कर्तव्य आहे. सामान बांधण्यापूर्वी तेथील नियम वाचावे, चालते तेवढेच घ्यावे आणि विमानतळावर खरे ते सांगावे. मेतकुटाचा डबा नियमात बसत असेल, तर तो खुशाल बरोबर न्यावा. आंबा मात्र सुटीत घरी आल्यावर पोटभर खावा.